पाट्यांच्या गाडीला मागचे शॉक घेताना आधी काय मोजायचं

प्रश्न थोडक्यात असा आहे. बोलेरो कॅम्पर फोर बाय फोर, आंबोलीच्या पट्ट्यात काजूची बाग. आठवड्यातले तीन-चार दिवस गाडीत सात-आठशे किलो माल, बाकीचे दिवस गाडी रिकामी, आणि सुट्टीच्या दिवशी घाटातल्या दगडगोट्यांच्या वाटा. रिकामी असली की मागची बाजू उडते. भरली की बसते आणि खड्ड्यात धाडकन बंप स्टॉपवर (ॲक्सल चेसिसवर आपटू नये म्हणून लावलेल्या रबरी ठोकळ्यावर) आपटते. एक दुकानदार म्हणतो दोन इंचांची लिफ्ट करा आणि गॅसचे लांब शॉक टाका. एक मित्र म्हणतो 'हेवी ड्यूटी' शॉक घ्या, प्रश्न मिटला. तुम्ही विचारताय, यातले कुठले घेऊ?

यात दोन वेगळ्या तक्रारी आहेत आणि दोघींचं मूळ वेगळं आहे. भरल्यावर गाडी बसते, ते पाट्यांचं, म्हणजे ॲक्सलवरच्या कमानीसारख्या पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगचं, काम आहे. शॉक वजन उचलत नाही. तो फक्त हालचालीचा वेग खातो आणि त्याची उष्णता करतो. गाडी उभी असताना शॉकचा जोर जवळपास शून्य असतो. गॅसच्या शॉकचा दांडा हाताने दाबला तर परत बाहेर येतो, म्हणून लोकांना वाटतं तो गाडी उचलून धरेल. हिशोब करून पाहा: १४ मिमीचा दांडा आणि २० बारचा गॅस असला तर एका शॉकचा जोर साधारण ३१ किलो होतो. दोन्ही मिळून खताच्या एका गोणीपेक्षा थोडा जास्त. तुमच्या गाडीत अशा पंधरा गोण्या असतात.

म्हणून शॉकवर पैसे घालण्याआधी एक सकाळ गाडीखाली घालवा. मडगार्डची कड ते चाकाचा मध्य हे अंतर चारही चाकांवर मोजा, रिकाम्या गाडीत आणि नेहमीचा माल भरून. मागची डावी-उजवी बाजू दहा-बारा मिमीपेक्षा जास्त वेगळी आली तर एखादा पाटा तुटलाय किंवा एका बाजूची कमान गेलीय. तुटलेला पाटा बहुतेक सेंटर बोल्टजवळ (सगळे पाटे मधोमध एकत्र धरणारा बोल्ट) किंवा क्लिपच्या खाली असतो आणि चिखलात दिसत नाही, त्यामुळे आधी धुऊन, तारेच्या ब्रशने घासून बघा. मग शॅकलचे बुश, म्हणजे पाट्यांचं टोक चेसिसला जोडणाऱ्या झुलत्या कडीतले रबर. पहारीने शॅकल बाजूला रेटल्यावर रबर चिरलेलं दिसलं किंवा धातूला धातू लागला, तर तुमच्या 'उडण्या'तला बराच खडखडाट तिथलाच आहे. पाट्यांचा संच ॲक्सलला आवळून धरणारे यू बोल्टही तपासा. सैल यू बोल्टमुळे सेंटर बोल्ट कापला जातो, आणि मग ॲक्सल पाट्यावर सरकतो.

टायरमधली हवाही याच वेळी बघा. कंपनीच्या स्टिकरवर रिकाम्या आणि भरलेल्या गाडीसाठी वेगवेगळे आकडे असतात. आपल्याकडे माल वाहणाऱ्या गाड्या वर्षभर भरलेल्या आकड्यावरच फिरतात. रिकामी गाडी त्या हवेवर चालवली की टायरच चेंडूसारखा उडतो आणि दोष शॉकला जातो.

आता रिकाम्या गाडीच्या उडण्याबद्दल जरा खोलात जायला हवं, कारण बरेच लोक शॉक बदलूनही नाखूश राहतात ते इथेच. पाटे एकमेकांवर घासतात आणि त्या घर्षणामुळे पाट्यांचा संच स्वतःच थोडा शॉकसारखा वागतो. पण हे घर्षण कोरडं असतं. छोटा धक्का आला आणि त्याचा जोर घर्षणापेक्षा कमी पडला, तर पाटे वाकतच नाहीत. अख्खी मागची बाजू फक्त टायरच्या रबरावर नाचते. पाटे हलले नाहीत तर शॉकही हलला नाही. न हललेला शॉक जगातला सर्वांत महाग असला तरी काही करू शकत नाही. त्यामुळे बारीक खडी, उखडलेलं डांबर, रम्बलर यांवरचा थरथराट शॉक बदलून जाणार नाही. तो जातो पाटे उघडून, गंज घासून, टोकांचे प्लास्टिकचे पॅड नवे बसवून. पाट्यांमध्ये साधं ग्रीस भरण्याच्या मी विरोधात आहे. जांभ्याची लाल धूळ त्यात बसली की पॉलिश पेपरसारखं काम करते. ग्रॅफाइट असलेलं कोरडं वंगण पातळ हाताने लावा, तेवढं पुरतं. एवढं केल्यावर पाट्यांचं घर्षण कमी होतं आणि शॉकवरचं काम वाढतं, हेही ध्यानात ठेवा. म्हणूनच पाटे आधी करायचे आणि शॉक नंतर निवडायचे. उलट केलं तर निवडलेला शॉक महिन्याभरात अपुरा वाटतो.

मोठ्या उसळ्यांचं वेगळं आहे. स्पीडब्रेकरवरून उतरल्यावर मागची बाजू दोन-तीनदा झुलत राहत असेल तर शॉक संपलेत. तेल गळून बाहेर धूळ चिकटलेली दिसेल, किंवा खालचा बोल्ट काढून हाताने दाबून-ओढून पाहिलं तर मध्ये कुठेतरी मोकळा टप्पा लागेल. असा शॉक बदलायचाच, त्याला पर्याय नाही.

भरल्यावर आपटण्याचा हिशोब आकड्यांत मांडू. आकडे उदाहरणासाठी धरलेत, तुमचे वेगळे येतील. रिकाम्या गाडीत बंप स्टॉपचं रबर आणि ॲक्सल यांत ८५ मिमी मोकळी जागा आहे. एका बाजूच्या पाट्यांना १ मिमी वाकवायला ६० न्यूटन लागतात, म्हणजे दोन्ही मिळून १२०. मागच्या ॲक्सलवर ८०० किलो टाकलं की गाडी साधारण ६५ मिमी बसते. उरली २० मिमी. दोन बोटांएवढ्या जागेत कुठलाही शॉक खड्डा पचवू शकत नाही. त्या २० मिमीत गाडी थांबवण्याइतका कडक शॉक घेतलाच, तर रिकामी गाडी लाकडी बैलगाडीसारखी चालेल. इथे उत्तर आहे हेल्पर पाटा: रिकाम्या गाडीत मोकळा राहणारा आणि दोनेकशे किलो चढल्यावर टेकणारा. चांगल्या पाटेवाल्याला तुमच्या मालाचं नेमकं वजन सांगा आणि भरलेल्या गाडीत ४०-४५ मिमी जागा राहील असं मागा. नुसता 'एक पाटा वाढवून द्या' म्हणाल तर तो संचात आखडून बसणारा पाटा घालेल, आणि रिकामी गाडी आजच्यापेक्षा जास्त उडेल.

पाट्यांचा निकाल लागला की शॉकची लांबी. माझ्या मते निवडीतली सर्वांत महत्त्वाची गोष्ट हीच, कंपनीचं नाव नंतर येतं. लांबी चुकली तर महागडा शॉकही पहिल्याच घाटात मरतो, आणि कधीकधी ॲक्सलवरचं ब्रॅकेट उपटून नेतो.

सपाट जागेवर, रिकाम्या गाडीत शॉकच्या वरच्या बोल्टच्या मध्यापासून खालच्या बोल्टच्या मध्यापर्यंत मोजा. समजा ४८० मिमी आली. पूर्ण दबलेली लांबी काढायला बंप स्टॉपची मोकळी जागा ८५ आणि रबर जोरात दबल्यावर जेवढं बसेल ते, म्हणजे ६० मिमीच्या रबराचे साधारण ३०, असे ११५ वजा करा. आले ३६५. पूर्ण लोंबती लांबी मात्र प्रत्यक्षच मोजावी लागते. पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी ओंडके लावा. चेसिस भक्कम स्टँडवर घ्या, नुसत्या जॅकवर कधीही नाही. शॉकचे खालचे बोल्ट काढा आणि ट्रॉली जॅकने ॲक्सल सावकाश खाली सोडा. त्या वेळी एकाने फक्त ब्रेकचा होज, हँडब्रेकची केबल, डिफरन्शियलच्या ब्रीदरची नळी आणि सेन्सरच्या वायरींवर नजर ठेवायची. जे आधी ताणलं जाईल तिथे थांबायचं. समजा पाटे पूर्ण सुटल्यावर ५७५ मिमी आली.

म्हणजे शॉक बंद असताना ३६५ पेक्षा किमान १२-१५ मिमी छोटा हवा, सुमारे ३५०. उघडल्यावर ५७० च्या आसपास. स्ट्रोक, म्हणजे दांड्याची एकूण चाल, झाला २२० मिमी. आता कॅटलॉगमध्ये एक गोष्ट बघा. बंद लांबीतून स्ट्रोक वजा केला की शॉकची बिनकामाची लांबी उरते: दोन्ही टोकांचे बोल्टचे डोळे, सील, तळाचा व्हॉल्व्ह. इथे ती १३० मिमी येते. ट्विन ट्यूबमध्ये, म्हणजे नळीत नळी असलेल्या शॉकमध्ये, ही मिळू शकते. मोनोट्यूबमध्ये, म्हणजे एकाच नळीच्या शॉकमध्ये, त्याच नळीत तरंगता पिस्टन आणि गॅसची जागा असते, त्यामुळे बिनकामाची लांबी सहज ३०-४० मिमी जास्त होते. त्याच २२० च्या स्ट्रोकचा मोनोट्यूब बंद असताना ३९० चा निघेल, आणि तुमचा ॲक्सल तर ३६५ पर्यंत येतो. बंप स्टॉपच्या आधी शॉक टेकला तर शॉकच बंप स्टॉप होतो. दांडा वाकतो, आतला पिस्टन तळावर आपटतो, खालचं ब्रॅकेट फाटतं. 'लांब गॅस शॉक' सुचवणारे हा आकडा सांगत नाहीत. तुम्ही विचारा.

दोन्ही टोकं एकाच शॉकमध्ये बसत नसतील तर दबण्याची बाजू वाचवा आणि लोंबण्याची थोडी सोडा. शॉक पाट्यांच्या आधी पूर्ण उघडत असेल तर प्रत्येक लोंबकळीला ॲक्सल आणि चाकांचं वजन शॉकच्या सीलवर लटकतं. पाच-सात मिमीचा फरक चालतो. त्याहून जास्त असेल तर ॲक्सल आणि चेसिसमध्ये नायलॉनचा लिमिट स्ट्रॅप लावा, म्हणजे धक्का पट्ट्यावर जाईल.

घाटात एक चाक दगडावर आणि दुसरं घळीत असतं, तेव्हा हे माप आणखी बदलतं. शॉकचा खालचा बोल्ट बंप स्टॉपपेक्षा चाकाच्या बाजूला असेल, तर एक चाक चढताना ॲक्सल बंप स्टॉपवर टेकून वळतो आणि शॉक आणखी दाबला जातो. तसं असेल तर १५ ऐवजी २५ मिमी सोडा. खात्री करायची सोपी रीत: शॉक काढलेल्या अवस्थेत एक चाक रॅम्पवर चढवा आणि दोन्ही बाजूंची बोल्ट-ते-बोल्ट लांबी पुन्हा मोजा.

लिफ्टबद्दल. मोठे टायर घालणार नसाल तर तुमच्या वापराला दोन इंचांच्या लिफ्टची गरज मला दिसत नाही. लांब शॅकलने उंची वाढवायची तर ५० मिमीसाठी शॅकल १०० मिमी लांब लागते, आणि मागची बाजू आडवी डुलायला लागते. ॲक्सल आणि पाट्यांमध्ये ब्लॉक घालून वाढवली तर चढावर क्लच सोडताना ॲक्सल पिळला जातो, पाटे इंग्रजी एस अक्षरासारखे वाकतात. गाडीच्या मागच्या ॲक्सलला जोडलेला, वजनानुसार ब्रेकचा दाब बदलणारा व्हॉल्व्ह असेल तर लिफ्टनंतर त्याला वाटतं गाडी रिकामी आहे. मग भरल्या गाडीत, उतारावर, मागचे ब्रेक कमी जोराने लागतात. लिफ्ट केलीच तर त्याची दांडी त्याच प्रमाणात जुळवून घेणं टाळू नका. कायद्याची बाजूही आहे. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ खाली मूळ रचनेतल्या बदलांवर बंधनं आहेत आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये ती कडकपणे वाचली. कंपनीच्या मापाचा शॉक बदलणं ही दुरुस्ती. उंची वाढवणं हा बदल, आणि अपघातानंतर विमा कंपनी नेमकं तेच विचारते.

मग येतो कडकपणा, म्हणजे आतल्या व्हॉल्व्हचं काम. तुमची खरी अडचण इथे आहे आणि ती पूर्ण सुटत नाही, हे आधीच सांगतो. मागच्या पाट्यांवर रिकाम्या गाडीचं ६०० किलो धरू आणि भरल्यावर १३५०. वजन सव्वादोनपट झालं की गाडी तितकीच आवरायला शॉकचा जोर त्याच्या वर्गमुळाएवढा, म्हणजे दीडपट लागतो. हेल्पर टेकल्यावर पाटे कडक होतात, तेव्हा आणखी जास्त. दबलेल्या पाट्यांचं घर्षणही वाढतं आणि ते थोडी मदत करतं, पण सगळी नाही. म्हणजे रिकाम्याला नेमका बसणारा शॉक भरल्यावर ढिला वाटणार आणि भरल्याला बसणारा रिकाम्यात हाडं खिळखिळी करणार. तुम्ही तीन-चार दिवस माल वाहता, म्हणून मी निवड मधल्या वजनावर करीन, साधारण ३०० ते ४०० किलोवर. बाहेरून चकती फिरवून कडकपणा बदलता येणारे शॉक मिळतात आणि तुमच्यासारख्या वापराला ते खरोखर उपयोगी आहेत. अट एकच, चकती दर आठवड्याला फिरवत राहा. चिखलात वर्षभर न फिरवलेली चकती जागेवरच अडकते.

'हेवी ड्यूटी' या शब्दाला माप नाही. विचारायचे दोन आकडे: दाबताना किती आणि उघडताना किती. बिल्स्टीनच्या शॉकवर २५५/७० असे आकडे दिसतात. सेकंदाला ०.५२ मीटर वेगाने उघडताना सुमारे २५५० न्यूटन आणि दाबताना ७०० असा त्याचा अर्थ. दाबण्यापेक्षा उघडण्याचा जोर नेहमी जास्त ठेवतात, कारण दबलेले पाटे गाडी वर फेकतात तेव्हा तिला धरायचं काम शॉकचं. पण उघडण्याचा जोर प्रमाणाबाहेर गेला की उलटं होतं. लागोपाठच्या खड्ड्यांत पाट्यांना परत उघडायला वेळच मिळत नाही. मागची बाजू प्रत्येक खड्ड्यागणिक खाली खाली बसत जाते आणि शेवटी बंप स्टॉपवर आपटते. पहिल्या दोन खड्ड्यांत गाडी ठीक आणि पाचव्यात आपटते, अशी तक्रार असेल तर शॉक ढिला नाही, उघडताना फार कडक आहे. त्यावर आणखी कडक शॉक घेतला तर दुखणं वाढेल. आणि दाबताना फार कडक असेल तर एकेका दगडावर टायर जमीन सोडतो, मागची बाजू बाजूला सरकते. ओल्या जांभ्यावर हे धोक्याचं आहे.

शॉक किती तिरका बसलाय हेही बघा. उभ्या रेषेपासून ३० अंश तिरका शॉक चाकाला आपल्या जोराचा पाऊणच हिस्सा देतो, ४५ अंशांत निम्मा. म्हणून दुसऱ्या गाडीवर कोणाला आवडलेला शॉक तुमच्यावर तसाच वागेल असं नाही. बऱ्याच पिकअपना एक शॉक ॲक्सलच्या पुढे आणि एक मागे असतो. ॲक्सल पिळला जाऊ नये म्हणून कंपनीने तसं केलेलं असतं, त्याची जागा बदलू नका.

बांधणीबद्दल फार वेळ घालवू नका. घाटातल्या वाटांवर तुमचा वेग ताशी १५-२५ किलोमीटर, आणि एवढ्या वेगात शॉक उकळत नाही. वेगळी टाकी असलेले महागडे शॉक तासन्‌तास वेगाने खडबडीत रस्ता तुडवणाऱ्यांसाठी असतात, लडाखच्या पन्हाळी रस्त्यांसारख्या ठिकाणी. मोनोट्यूब थंड लवकर होतो, पण त्याची बाहेरची नळी म्हणजेच पिस्टन सरकतो ती नळी. दगडाने खळगा पडला की पिस्टन अडकतो. ट्विन ट्यूबच्या बाहेरच्या नळीला खळगा पडला तरी आतली बहुतेक वाचते. दगडी वाटा, कमी वेग आणि आखूड जागा या तिन्हींना जुळेल असा, जाड नळीचा, फोम सेल (आत गॅसऐवजी फोम असलेला) किंवा कमी दाबाच्या गॅसचा ट्विन ट्यूब शॉक मी तुम्हाला सुचवीन. दांडा शक्यतो १६ मिमी किंवा जाड घ्या. रबरी बूट असेल तर पावसाळ्यात महिन्यातून एकदा खाली सरकवून आतला चिखल पाण्याने धुवा. बूट धूळ अडवतो खरा, पण आत गेलेला लाल चिखल दांड्याला चिकटून सील खातो, आणि किनाऱ्याजवळच्या खाऱ्या हवेत त्याच्याखाली क्रोमवर गंजाचे ठिपके येतात.

बसवताना शॉक जोडीनेच बदला. ट्विन ट्यूब दुकानात आडवा पडलेला असतो. उभा धरून चार-पाच वेळा पूर्ण दाबा-ओढा, म्हणजे आतली हवा वर निघते. नाहीतर पहिले काही किलोमीटर टकटक येईल. दांडा कधीही पक्कडने धरू नका, एक ओरखडा सीलला पुरतो. डोळ्यांचे बोल्ट चाकं जमिनीवर आल्यावरच पूर्ण आवळा. लोंबत्या अवस्थेत आवळले तर बुश कायम पिळलेले राहतात आणि काही महिन्यांत फाटतात. पाटे उघडले असतील तर ५०० किलोमीटरनंतर यू बोल्ट पुन्हा आवळायचे.

मापं बरोबर घेतलीत का याचा पडताळा शेवटी गाडीच देते. बूट वर सरकवून शॉकच्या उघड्या दांड्याला, नळीच्या तोंडाशी, एक प्लास्टिकची केबल टाय घट्ट बांधा. नेहमीचा माल भरून नेहमीच्याच वाटेने एक फेरी मारा. नळी टायला वर ढकलत नेते आणि सर्वांत जास्त दबल्यावर ती जिथे पोचली तिथेच राहते. परत आल्यावर टायपासून दांड्याच्या वरच्या टोकाच्या रबरापर्यंत किती जागा उरली ते मोजा. दहा-पंधरा मिमी उरली आणि बंप स्टॉपवर ताजी खूण दिसली तर लांबी बरोबर आहे. टाय टोकाला जाऊन चेपली असेल तर शॉक लांब आहे, दुसऱ्या फेरीआधी तो बदला.